दहा बाय बाराच्या खोलीत धुराचा अलार्म कुठे लावायचा?

६ ऑक्टोबर २०२४. चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पहाटे पाचच्या सुमारास आग लागली. खाली दुकान, वर राहते घर. वर झोपलेले एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ६ ऑक्टोबर २०२३ रोजी, गोरेगावात झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास खालच्या पार्किंगमध्ये आग लागली होती. तिथेही सात मृत्यू आणि चाळीसहून अधिक जखमी. एक घर बैठ्या वस्तीतले, दुसरी इमारत. पण दोन्हीकडे आग खाली, माणसे वर आणि वेळ झोपेची.

सिद्धार्थ कॉलनी आपल्याला परकी नाही. पोटासाठी मुंबईला आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांचा पहिला पत्ता अशाच वस्त्यांमधला आहे. आगीची बातमी आली की आपण बोलतो ते सिलिंडरबद्दल, लोंबकळणाऱ्या वायरींबद्दल, बंबाची गाडी गल्लीत का शिरली नाही याबद्दल. ते बोललेच पाहिजे. गाडी शिरेल एवढा रस्ता आणि सुरक्षित वीजजोडणी हा आपला हक्क आहे, आणि त्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढणे थांबवायचे नाही. मात्र गाडी वेळेवर निघाली तरी पहिली तीन-चार मिनिटे घरातल्या माणसांनाच निभवावी लागतात. त्यासाठी ती जागी हवीत. या पानावर आज तेवढ्याचबद्दल लिहिते आहे: झोपलेल्या घराला जागे करणारे एक छोटे यंत्र आणि ते आपल्या खोलीत नेमके कुठे बसवायचे.

ज्वाळेआधी धूर मारतो

बर्न्स वॉर्डात काम करताना एक गोष्ट पक्की कळते. आगीतून आणलेल्या प्रत्येकाचे अंग भाजलेले नसते. काहींच्या कातडीवर एक फोड नसतो, पण नाकपुड्यांत काजळी असते, नाकातले केस करपलेले असतात, आवाज घोगरा झालेला असतो. नातेवाईक म्हणतात, "काही झालं नाही हिला, फक्त घाबरली आहे." आणि काही तासांत घसा आतून सुजून श्वास अडायला लागतो. म्हणून धुरात सापडलेल्या माणसाला, तो चालत-बोलत असला तरी, दवाखान्यात न्यायचेच.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्यांतली तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेल्याचे तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. तीन आणि सात, हे आकडे लक्षात ठेवा.

धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन जसे ऑक्सिजनला धरते तसेच ते या वायूलाही धरते, आणि तेही दोनशे पटींहून घट्ट. म्हणजे छाती हलत असते, श्वास चालू असतो, पण रक्तात ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आधी डोके जड होते, मग हातपाय चालत नाहीत, मग शुद्ध जाते. झोपलेला माणूस या पायऱ्या झोपेतच उतरतो. धुराचा वास येऊन जाग येईल या भरवशावर राहू नका. गाढ झोपेत नाक आपले काम फारसे करत नाही, कान मात्र करतात.

कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. धुरातून बाहेर काढलेल्या माणसाला ते लावून आकडा ९८ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्त यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याला लालच दिसते.

कोणते यंत्र घ्यायचे

स्मोक अलार्म म्हणजे तळहातात मावेल एवढी प्लास्टिकची गोल डबी. आत धूर शिरला की ती कर्कश ओरडते, तीन मीटरवर साधारण ८५ डेसिबल. म्हणजे एका खोलीतल्या माणसाला बहुधा उठवेल इतके.

दुकानात किंवा ऑनलाइन घेताना एक फसगत हमखास होते. ऑफिस आणि मॉलच्या छतावर दिसणारे डिटेक्टर स्वस्तात मिळतात, पण ते वायरने एका पॅनेलला जोडायचे असतात. एकटे लावले तर ते धूर ओळखूनही गप्प बसतात. आपल्याला हवा तो "स्टँड-अलोन", म्हणजे ज्याच्या पोटात बॅटरीही आहे आणि भोंगाही. पाकिटावर "फोटोइलेक्ट्रिक" किंवा "ऑप्टिकल" हा शब्द आहे का ते पाहा. हा प्रकार प्रकाशाच्या किरणावर चालतो आणि गादी, उशी, वायर यांची धुमसती आग लवकर ओळखतो. आपल्या घरांत रात्रीची आग पुष्कळदा अशीच सुरू होते: मच्छर अगरबत्ती गोधडीच्या काठाला लागते, चार्जर उशीखाली तापतो. दुसरा "आयोनायझेशन" प्रकार भडकलेल्या ज्वाळेला चटकन ओळखतो, पण फोडणीलाही फार चटकन ओळखतो, आणि त्यात किरणोत्सर्गी पदार्थाचा अंश असतो. एका खोलीच्या घराला तो नकोच. यंत्राच्या दर्जासाठी ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ यांपैकी एक खूण शोधा.

वीज जोडून चालणारे घेण्यापेक्षा बॅटरीवरचे घ्या. आग मीटरच्या पेटीतच लागली तर वीज आधी जाते.

हे यंत्र काय करत नाही तेही समजून घ्या. त्याला गळणारा गॅस कळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यावर साचणारा कार्बन मोनॉक्साइडही कळत नाही, कारण धुमसत्या निखाऱ्याला धूर जवळजवळ नसतो. विदर्भात थंडीच्या रात्री शेगडी खोलीत घेतात, ती झोपण्याआधी बाहेर ठेवणे एवढाच उपाय. गॅससाठी वेगळा गॅस डिटेक्टर मिळतो आणि त्याची जागाही वेगळी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून त्याचा डिटेक्टर सिलिंडरजवळ, जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका, त्याचा डिटेक्टर वर, छताजवळ. इमारतीत राहायला गेलेल्यांनी जुना डिटेक्टर नव्या घरात लावताना हे विसरू नये.

आता जागा

यंत्राच्या पाकिटातला कागद वाचला तर हसू येते. प्रत्येक बेडरूममध्ये एक, बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, प्रत्येक मजल्यावर एक, स्वयंपाकाच्या शेगडीपासून किमान दहा फूट दूर. आपली खोलीच दहा बाय बाराची. तिथेच ओटा, तिथेच मोरी, तिथेच कपाट, मुलांचा अभ्यास आणि रात्रीची अंथरुणे. पण त्या कागदामागचे तत्त्व आपल्यालाही लागू आहे: यंत्र जिथे माणसे झोपतात तिथे हवे, आणि धूर जिथे आधी पोचतो तिथे हवे. धूर गरम असतो, तो वर जातो, छताला टेकतो, मग छतालगत पसरतो आणि मग खाली उतरू लागतो. म्हणून यंत्र वर.

एकच खोली आणि स्लॅबचे किंवा फळ्यांचे सपाट छत असेल तर ओट्याच्या समोरच्या बाजूला, अंथरुणाच्या वर, छताला लावा. शेगडीपासून दहा फूट मिळत नसतील तर फोटोइलेक्ट्रिक यंत्र निदान सहा फुटांवर ठेवा. सहा फूट बहुतेक खोल्यांत मिळतात. मोरीत गरम पाण्याची वाफ होत असेल तर तिच्या दारापासून तीन फूट. पंख्याच्या पात्याच्या टोकापासूनही तीन फूट, कारण पंख्याचा झोत धुराला यंत्रापर्यंत येऊच देत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत मध्यभागी पंखा असतो, तेव्हा यंत्र आपोआप पंखा आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात येते. फक्त अगदी कोपऱ्यात खुपसू नका. भिंत आणि छत मिळतात त्या सांध्यात हवा साचून राहते आणि धूर तिथे उशिरा शिरतो. भिंतीपासून चार इंच तरी सोडा.

छताला भोक पाडता येत नसेल, किंवा घरमालक पाडू देत नसेल, तर भिंतीवर लावले तरी चालते. छतापासून चार इंच खाली ते बारा इंच खाली, या पट्ट्यात. त्याहून खाली नको. दरवाजाच्या चौकटीवर, हाताला सहज येईल अशा उंचीवर लावलेली यंत्रे मी पाहिली आहेत. बटण दाबायला सोपे म्हणून तसे लावतात. पण धूर त्या उंचीला उतरेपर्यंत पोटमाळ्यावरचे मूल धुरातच झोपलेले असते.

पोटमाळ्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण आपल्याकडे धोका तिथेच सर्वात मोठा. खोली लहान, माणसे जास्त, म्हणून पोटमाळा. वर सहसा कॉलेजातला मुलगा, अभ्यास करणारी मुलगी किंवा नवे जोडपे झोपते. छत डोक्याला लागेल इतके जवळ. उतरायला एकच लोखंडी शिडी, आणि ती उतरते ती बहुधा ओट्याशेजारी. खाली आग लागली की सारा धूर शिडीच्या भोकातून वर खेचला जातो. ते भोक चुलीच्या धुराड्यासारखे काम करते. खालच्यांना खोकला सुरू व्हायच्या आत वरचा माणूस बेशुद्ध झालेला असू शकतो. म्हणून घरात एकच यंत्र परवडत असेल आणि वर कोणी झोपत असेल, तर ते पोटमाळ्याच्या छताला लावा, शिडीचे भोक आणि उशी यांच्या मधोमध. त्याचा आवाज खाली ऐकू येतो की नाही, हे सगळ्यांनी आपापल्या अंथरुणात पडून, पंखा चालू ठेवून एकदा तपासा. दुसरे यंत्र घेता आले तर ते खालच्या खोलीच्या छताला.

पत्र्याच्या घराचे गणित निराळे आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याखालची हवा भट्टीसारखी होते. ही तापलेली हवा छताला चिकटून बसते आणि धुमसत्या आगीचा कोमट धूर तिच्याखालीच अडतो, पत्र्यापर्यंत चढत नाही. शिवाय यंत्राच्या पाकिटावर किती तापमानापर्यंत ते चालते हे लिहिलेले असते, आणि तापलेला पत्रा ती मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून थेट पत्र्याला यंत्र लावू नका. पत्र्याखालच्या लाकडी वाश्याला किंवा लोखंडी अँगलला एक पट्टी बांधून त्यावर लावा, नाहीतर भिंतीवर वर सांगितलेल्या पट्ट्यात, चार ते बारा इंचांत. छप्पर दोन्ही बाजूंनी उतरते असेल तर आढ्याच्या अगदी टोकाची चार इंचांची जागा सोडायची आणि तिथून तीन फुटांच्या आत यंत्र बसवायचे.

उन्हापासून बचाव म्हणून पत्र्याखाली थर्माकोल, पीव्हीसीच्या पट्ट्या, जुन्या साड्या किंवा ताडपत्री लावलेली असते. असे आतले छत असेल तर यंत्र त्याच्या खाली हवे, वरच्या पोकळीत नको. थर्माकोलला मात्र चिकटवू नका. तो आगीत आधी वितळतो आणि यंत्र ओरडायच्या आत खाली पडते. आणि यंत्र लावून झाले की शेगडीच्या वरचा तेवढा थर्माकोल तरी काढून टाका, तो पेट घेऊन थेंबाथेंबाने अंगावर पडतो.

खाली दुकान किंवा गोदाम आणि वर घर, अशी रचना असेल तर जिना जिथे वर संपतो तिथल्या छताला एक यंत्र हवेच. पण तेवढ्यावर थांबू नका, दुकानदाराशी बोला. दुकानातही एक लागले पाहिजे, कारण रात्री शटर बंद असते आणि धूर बाहेर दिसेपर्यंत आतली आग मोठी झालेली असते. एक वाजले की सगळी वाजतात अशी बिनतारी जोडलेली यंत्रे मिळतात. ती महाग आहेत, पण खाली दुकान वर घर असणाऱ्यांनी दोन साध्या यंत्रांपेक्षा अशी एक जोडी घ्यावी असे मला वाटते. खालचे भाडे घेताना घरमालकाने ही अट घालायला हरकत नाही. केरोसीन, थिनर, रंगाचे डबे खाली साठवू देऊ नका, हेही त्याच वेळी.

पुनर्वसन इमारतीतल्या वन रूम किचनला दोन यंत्रे पुरतात: एक झोपायच्या खोलीत, एक मुख्य दाराच्या आत, छताला. जिन्यातून येणारा धूर त्याच दारातून आत शिरतो. स्वयंपाकघर वेगळे असेल तर तिथे धुराच्या यंत्राऐवजी उष्णतेचा अलार्म लावावा. तो साधारण ५७-५८ अंशांना वाजतो, फोडणीला ओरडत नाही. झोपायच्या जागी मात्र उष्णतेचा अलार्म उपयोगाचा नाही. तेवढी उष्णता होईपर्यंत धूर आपले काम करून गेलेला असतो.

आणि बाहेर दाराशी इलेक्ट्रिक स्कूटर किंवा सायकल रात्रभर चार्जिंगला लावलेली असते. आपली कितीतरी पोरे आता डिलिव्हरीच्या कामावर आहेत, गाडी हीच त्यांची रोजीरोटी. पण ती बॅटरी घराच्या एकमेव दारात चार्ज करू नका. ती पेटली तर यंत्र वाजेल, तुम्ही उठाल, आणि बाहेर जायची वाटच पेटलेली असेल. चार्जिंग दिवसा, कोणी जागे असताना, आणि दारापासून दूर.

फोडणी, उदबत्ती आणि मेणबत्ती

"ताई, मिरचीची फोडणी दिली की बोंबलतंय. काढून ठेवलं." हे वाक्य घरोघरी ऐकायला मिळेल, आणि काढून ठेवलेले यंत्र पुन्हा वर जात नाही. बॅटरी टीव्हीच्या रिमोटमध्ये किंवा पोराच्या गाडीत जाते. बहुतेक यंत्रांना एक बटण असते, ते दाबले की काही मिनिटे आवाज थांबतो आणि यंत्र पुन्हा आपोआप कामाला लागते. काठीच्या टोकाने ते दाबायला घरातल्या सगळ्यांना शिकवा. वारंवार वाजत असेल तर यंत्राची जागा दोन फूट सरकवा, बॅटरी काढू नका.

आपल्या घरांत सकाळ-संध्याकाळ वंदना होते. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, उदबत्ती. दोन उदबत्त्यांनी चांगले यंत्र सहसा वाजत नाही, पण प्रतिमेच्या बरोबर वर लावले तर वाजू शकते. तिथून तीन-चार फूट बाजूला घ्या. खरी काळजी मेणबत्तीची. प्रतिमेला प्लास्टिकच्या फुलांचा हार, मागे सॅटिनचे कापड, बाजूला विजेची माळ, आणि समोर मेणबत्ती जळत ठेवून आपण १४ एप्रिलच्या मिरवणुकीला किंवा बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाला निघून जातो. मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत, ताटलीत थोडे पाणी, आणि सरणत्तय म्हणून उठताना विझवायची. विझवण्यात अनादर नाही. घरात माणूस नसताना यंत्र वाजून तरी कोण ऐकणार?

पौर्णिमेला बटण

यंत्र लावले आणि विसरले, असे चालत नाही. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबून ते ओरडते का पाहायचे. हा दिवस लक्षात राहावा म्हणून मी वस्तीत पौर्णिमा सांगते. त्या दिवशी विहारात वंदना असतेच, घरी आल्यावर बटण. धूळ बसली की यंत्र आंधळे होते किंवा उगाच ओरडते, म्हणून पौर्णिमेलाच कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडा, ओले फडके नको. बॅटरी बदलायची असलेल्या यंत्रात वर्षातून एकदा नवी घालायची, त्यासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिन धरा. दसरा-दिवाळीच्या साफसफाईचा सुमार असतोच. अधूनमधून एकेक "टिक्" असा आवाज येऊ लागला तर ती बॅटरी संपत आल्याची हाक आहे. दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असलेले यंत्र थोडे महाग पडते, पण रिमोटसाठी कोणी बॅटरी पळवण्याचा प्रश्नच मिटतो. कोणतेही यंत्र दहा वर्षांनी बदलायचे, वाजत असले तरी. लावताना मार्करने त्याच्यावर महिना आणि साल लिहून ठेवा.

हा आवाज सगळ्यांना उठवत नाही. लहान मुले गाढ झोपेत तो ऐकत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे कान आधी उंच पट्टीच्या आवाजाला बहिरे होतात, आणि यंत्राचा आवाज नेमका त्याच पट्टीचा. पंचशीलातले पाचवे शील मोडून आलेला माणूसही उठेलच असे नाही. म्हणून कोणी कोणाला उठवायचे हे आधीच ठरवा: आजीला सून, धाकट्याला थोरली. जी व्यक्ती सहज जागी होते तिने दाराच्या बाजूला झोपावे.

वाजल्यावर

दिवसा एकदा घरातल्या सगळ्यांना झोपायला लावून बटण दाबा आणि दाराबाहेर जायला किती वेळ लागतो ते मोजा. मुलांना खेळ वाटेल, वाटू द्या. या एका खेळात कळते की कडी गंजली आहे, आतल्या कुलपाची किल्ली आजोबांच्या बंडीत आहे, शिडीच्या पायाशी पाण्याचे पिंप आहे. किल्ली रात्री दाराजवळच्या खिळ्याला, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. खिडकीला ग्रिल असेल तर तिचा एक भाग आतून उघडेल असा करून घ्या. पोटमाळ्याला खिडकी नसेल तर पत्र्यालगत माणूस निघेल एवढी झडप पाडून घेणे हा खर्च रंगरंगोटीच्या आधी करावा.

अलार्म वाजला की आधी माणसे. वाकून किंवा रांगत निघायचे, स्वच्छ हवा खाली असते. ओला रुमाल नाकाला लावला तर काजळी अडते, पण कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, म्हणून रुमालाच्या जोरावर धुरात थांबू नका. निघताना दार ओढून घ्या, धूर शेजारी कमी जातो. सिलिंडरचा रेग्युलेटर हाताला सहज येत असेल आणि आग तिथे नसेल तरच बंद करा. इमारतीत जिना धुराने भरला असेल तर त्यात उतरू नका: दार लावा, फटीत ओले कापड कोंबा, खिडकीशी उभे राहून हाक मारा, लिफ्ट वापरू नका. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आणि परत आत जायचे नाही. लोक परत जातात ते दागिन्यांसाठी कमी, कागदांसाठी जास्त. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, मुलीची मार्कशीट. ज्या कागदासाठी तीन वर्षे खेटे घातले तो जळू द्यायला मन तयार होत नाही, हे मला समजते. म्हणूनच ते आधी डिजिलॉकरमध्ये टाका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक झेरॉक्स संच गावच्या घरी द्या.

यंत्राची किंमत साधारण काही शेकड्यांपासून सुरू होते. एकेकट्याने घेण्यापेक्षा महिला मंडळाने किंवा बचत गटाने वीस-पंचवीस एकदम मागवली तर भाव कमी होतो, आणि लावायला वस्तीतलाच एखादा वायरमन पोरगा अर्ध्या दिवसात दहा घरे करतो. पहिली यादी करताना पोटमाळ्यावर मुले झोपणारी घरे, दुकानावरची घरे आणि अंथरुणाला खिळलेला माणूस असलेली घरे आधी घ्या. विहार समितीनेही एक यंत्र अभ्यासिकेत लावावे. परीक्षेच्या दिवसांत आपली मुले तिथेच रात्र काढतात, पुस्तकांच्या कपाटाला टेकून झोपतात. तिथल्या दाराला रात्री बाहेरून कुलूप लागत असेल तर ते आजच्या आज बंद करा.